पहिला सामना : एका आठवणीची चिकित्सा

प्रत्येक भाषेंत कांहीं आठवणी अशा असतात कीं, त्या सांगतो एक जण आणि ऐकणाऱ्या दहांना त्या आपल्याच वाटतात. शाळेचा पहिला दिवस, आगगाडीचा पहिला प्रवास, आजीचें मरण या आपल्या आत्मचरित्रांतल्या अशा ठरलेल्या जागा होत. अलीकडे त्यांत एका जागेची भर पडली आहे. ती म्हणजे 'मीं पाहिलेला पहिला सामना'. दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत, तालीम मंडळांच्या स्मरणिकांत, एखादा जुना खेळाडू वारला म्हणजे त्याच्यावर येणाऱ्या लेखांत ही आठवण हटकून भेटते. वडिलांचा खांदा असतो, नाहीं तर सायकलचा दांडा असतो. कागदाच्या पुडींत शेंगदाणे असतात. अफाट गर्दी असते. आणि अगदीं शेवटल्या क्षणीं आपल्या संघाचा गोल होतो. वाचक सुखावतो आणि पान उलटतो. हा प्रकार आतां इतका रुळला आहे कीं, त्याला एक वाङ्मयप्रकार समजून तपासून पाहण्यास हरकत नसावी. खेळावरचें लेखन तें कसलें वाङ्मय, असें ज्यांना वाटतें त्यांच्याशीं मी येथें वाद घालीत नाहीं. माणूस आपल्या बालपणाविषयीं खरें केव्हां बोलतो आणि सजवून केव्हां बोलतो, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे, आणि तो या आठवणींत फार उघडा पडतो.

महाराष्ट्रांत या प्रकाराचें माहेर कोल्हापूर. मुंबईनें १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने पाहिले; १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला तेव्हां पहिल्यानेंच तो हिंदी खेळाडूंच्या हातीं आला. पण मुंबईकर प्रेक्षक त्या सामन्यांना जात असे तो बहुधा पाहुण्यांचा खेळ पाहावयास. कोल्हापूरची गोष्ट निराळी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हीं फुटबॉलच्या संघांचीं नांवें आहेत, हें परक्या माणसास मुद्दाम समजावून सांगावें लागतें. ज्या आखाड्यांत जोर-बैठका काढल्या त्याच आखाड्याच्या नांवानें हे लोक चेंडू खेळले, आणि तालमीमागें जशी पेठ उभी राहत असे तशीच ती संघामागें उभी राहिली. तेथल्या मुलाला संघ निवडावा लागत नाहीं. ज्या गल्लींत त्याचा पाळणा हलला त्या गल्लीचा संघ तो त्याचा. तालमीची पोरें स्टेडियमवर निघालीं म्हणजे त्यांच्यामागून तो कधीं तरी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो, आणि घरीं येतो तो पेठेचा माणूस होऊन. मुंजीला जसा भटजी लागतो तसा येथें बाप, चुलता किंवा शेजारचा एखादा दादा लागतो, एवढेंच. मधल्या काळांत या संघांतून आफ्रिकेंतले खेळाडूही येऊन खेळून गेले. पेठेनें त्यांनाही आपलें म्हटलें. पण पेठेचें पोर दुसऱ्या पेठेच्या संघाला टाळ्या पिटूं लागलें तर मात्र घरांत चौकशी होते.

अर्थात् कोल्हापुरी माणसाची पहिल्या सामन्याची आठवण ही नुसती खेळाची आठवण नसते. आपण अमक्यांचे कसे झालों, याची ती जन्मकथा असते. आणि जन्मकथा म्हटली कीं तिच्यांत चमत्कार आलाच. कृष्णाच्या जन्माला यमुना दुभंगते. आपल्या लेखकाच्या पहिल्या सामन्यांत शेवटच्या मिनिटाला गोल होतो. मीं असे लेख पुष्कळ वाचले आहेत. पहिलाच सामना कंटाळवाणा झाला, कोणाचाच गोल झाला नाहीं, मला लघवी लागली होती आणि घरीं जायचें होतें, असें लिहिणारा लेखक मला त्यांत क्वचितच आढळला. वास्तविक पांच-सहा वर्षांच्या पोराचा पहिला सामना बहुतेक वेळां असाच जात असला पाहिजे.

जरा विचार करून पाहा. त्या वयाच्या मुलाची उंची किती? उभ्या गर्दींत त्याच्या डोळ्यांसमोर काय येतें? धोतरांचे सोगे, विजारींचे गुडघे, कोणाच्या तरी पिशवींतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी, तळपायाखालच्या पायरीवरची शेंगांची टरफलें. चेंडू त्याला दिसतो तो आकाशांत उडाला तरच. गोल झाला हें त्याला कळतें तें भोंवतालचीं माणसें एकदम उभीं राहिलीं आणि अंधार झाला यावरून. मग त्याच्या लेखांत गोलाचें तें सविस्तर वर्णन येतें कोठून? डाव्या बगलेनें कोण गेला, कोणाच्या पायांतून चेंडू काढला, गोलरक्षक कोणत्या बाजूला झेपावला हें सारें त्यानें पुढें दहा वर्षें चौकांत बसून ऐकलेलें असतें. ऐकलेलें पाहिलेल्यांत मिसळतें आणि त्याचा सांधा दिसेनासा होतो.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांची स्वतःची गोष्ट या बाबतींत मोठी मनोरंजक आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हां ते तेरा वर्षांचे होऊं घातले होते. आपण घरीं बसून रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन ऐकत होतों, तें मध्येंच थांबवून ही बातमी देण्यांत आली, आणि आपण ती आईला सांगावयास धांवत माडीवर गेलों, ही आठवण त्यांनीं कित्येक वर्षें जपली. पुढें एके दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, डिसेंबरांत त्या देशांत बेसबॉल कोणी खेळतच नाहीं! स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या माणसाची ही फजिती त्यांनीं १९८२ सालीं स्वतःच छापून टाकली. त्यानंतर चार वर्षांनीं दुसऱ्या संशोधकांनीं शोधून काढलें कीं, त्या दिवशीं न्यूयॉर्कला अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा एक सामना चालू होता, आणि त्यांत खेळणाऱ्या दोन्ही संघांचीं नांवें, जायंट्स आणि डॉजर्स, तींच त्या काळच्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचींही नांवें होतीं. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, संघांचीं नांवें खरीं, आईकडे जाणें बहुधा खरें. फक्त खेळ बदलला. मनानें नांव ठेवून घेतलें आणि त्या नांवाला शोभेल तें चित्र मागाहून जोडलें. आपल्या पेठेतले लेखक यापेक्षां निराळें कांहीं करीत नाहींत. त्यांना खोटारडे म्हणावें असें मला वाटत नाहीं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरीस आल्ब्वाक्स यानें १९२५ च्या आपल्या ग्रंथांत मांडलेलें मत असें कीं, माणूस एकटा आठवत नसतो. ज्या समूहांत तो राहतो त्या समूहाच्या चौकटींत बसवूनच त्याला आठवतां येतें. पेठ आठवते आणि पोर ती आठवण आपली म्हणून सांगतें. एवढें मान्य करूनही टीकाकाराचें काम उरतेंच. पेठेनें दिलेलें किती आणि त्या पोरानें स्वतःच्या मुठींत धरून आणलेलें किती, हें त्यानें निवडून दाखवावयास हवें.

या निवडीसाठीं आपल्याजवळ घरचीं दोन मापें आहेत. एक लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें', दुसरें साने गुरुजींची 'श्यामची आई'. एक १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत बाहेर पडलें, दुसरें १९३५ सालीं. म्हणजे दोन्ही पुस्तकें एकाच काळांतलीं. पण बालपणाकडे पाहण्याच्या त्यांच्या तऱ्हा अगदीं भिन्न. श्याम मोठा झाला आहे, मित्रांना एकेक रात्र एकेक आठवण सांगतो आहे, आणि आठवणीच्या शेवटीं काय शिकावयाचें हें त्याला आधींच ठाऊक आहे. पाण्याला भिऊन लपलेला पोर आईच्या हातचा मार खातो. पण त्या पोराची भीति काय होती, विहिरीचें तें काळें पाणी त्याला कसें दिसलें, यापेक्षां आईनें मारलें तें योग्यच केलें, हें मोठ्या श्यामला अधिक सांगावयाचें असतें. लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाच्या हकीकती सांगतात तेव्हां त्या निवाडा देत नाहींत. त्या वेडाचा त्रास घरादाराला किती झाला हें त्यांत दिसतें, हसूंही येतें, आणि वडील वाईट होते असें मात्र वाचकाला म्हणवत नाहीं. लहान मुलीला जें विचित्र दिसलें तें त्यांनीं विचित्रच ठेवलें. 'श्यामची आई'नें महाराष्ट्राला रडविलें, तिच्याविषयीं माझ्या मनांत अनादर नाहीं. पण तिच्यामागून आलेल्या आमच्या आठवण-लेखकांनीं तिच्यांतलें अश्रूंचें बळ न घेतां धड्याची सवय तेवढी उचलली. पहिल्या सामन्याच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद बघा : 'त्या दिवशीं मला जिद्द म्हणजे काय तें कळलें.' सहाव्या वर्षीं जिद्द कळलेला मनुष्य मला तरी भेटावयाचा आहे!

इंग्रजींत या प्रकारचें सर्वांत गाजलेलें पुस्तक म्हणजे निक हॉर्न्बी यांचें 'फीवर पिच'. तें १९९२ सालीं निघालें, आणि त्याची सबंध मांडणीच एकेका सामन्याभोंवतीं केलेली आहे. १९६८ च्या सप्टेंबरांत, अकरा वर्षांचे असतां, वडिलांनीं त्यांना लंडनला आर्सेनल आणि स्टोक सिटी यांचा सामना पाहावयास नेलें. आईवडील विभक्त झालेले. सुटीच्या दिवशीं मुलाला घेऊन कोठें जावें, हा बापापुढें पडलेला प्रश्न. सामना आर्सेनलनें एका गोलनें जिंकला, तोही पेनल्टीचा चेंडू अडविला गेल्यावर परत आला म्हणून. या रडतखडत मिळालेल्या विजयाचें हॉर्न्बी कौतुक करीत बसत नाहींत. त्यांच्या लक्षांत राहिलीं तीं भोंवतालचीं माणसें : पैसे देऊन येऊन बसलेलीं आणि तरीही पाहत असलेल्या खेळावर इतकीं चिडलेलीं, कीं करमणुकीच्या ठिकाणीं माणसें अशीं दुःखी असूं शकतात याचाच त्या मुलाला अचंबा वाटला. येथें मला लक्ष्मीबाईंची जात ओळखूं येते. जें समजलें नाहीं तें त्यानें जपून ठेवलें. शिवाय बापलेकांना एकमेकांशीं बोलावयास विषय मिळाला, ही सामन्याची खरी किंमत त्यांनीं लपविली नाहीं. आमच्याकडे बाप हा केवळ खांद्यापुरता येतो. तो त्या दिवशीं कोणत्या चिंतेंत होता, तिकिटाचे पैसे त्यानें कोठून आणले, हें विचारण्याचें आमच्या लेखकाला सुचत नाहीं.

मी हें म्हसवडास बसून लिहीत आहें. या गांवाला फुटबॉलची परंपरा नाहीं. माणगंगेच्या कांठचें हें गांव, सिद्धनाथाचें. दिवाळींत देव बसतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सिद्धनाथ-जोगेश्वरीचें लग्न लागतें, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला वरातीचा रथ निघतो. गुलाल आणि खोबरें यांनीं माणसें ओळखूं येत नाहींत. माणदेशांतल्या मुलाला हजारोंच्या घोळक्याची पहिली ओळख होते ती अशा जत्रेंत, आणि पहिला 'सामना' तो पाहतो तो कुस्तीच्या फडांत. म्हणून फुटबॉलच्या आठवणींची पारख करतांना मला कुस्तीच्या आठवणी शेजारीं ठेवून पाहाव्याशा वाटतात.

फडाला तिकीट नसे. नांगरून, ढेकळें फोडून मऊ केलेली माती. भोंवतीं माणसांचें कडें, पुढलीं बसलेलीं, मागलीं उभीं, त्यांच्यामागें गाड्यांवर आणि झाडांवर चढलेलीं. हलगी आणि घुमकें यांचा ठेका धरला जाई. आरंभीं पोरांच्या कुस्त्या, त्या रेवड्यांवर, मग नारळावर, आणि दिवस कलूं लागला म्हणजे रुपयांचे आंकडे पुकारले जात आणि खरे पैलवान मातींत उतरत. ही चढती भांजणी ज्यानें ठरविली तो रसशास्त्रच जाणत असला पाहिजे. आणि त्यांतली मुख्य गोष्ट अशी कीं, जो आज पाहणारा तो घटकेपूर्वीं लढणाराही असूं शके. पांच वर्षांचें पोर लंगोट लावून आंत सोडलें जाई, दुसऱ्या पोराच्या अंगावर रडत पडे आणि मूठभर रेवड्या घेऊन बाहेर येई. स्टेडियमवरच्या मुलाच्या वांट्याला हें येत नाहीं. तो पायरीवर बसतो तो पाहणारा म्हणूनच. शाहू महाराजांनीं बांधविलेलें आणि १९१२ सालीं खुलें झालेलें खासबागचें कुस्ती-मैदान हा या दोहोंमधला टप्पा म्हणावा लागेल. युरोपच्या प्रवासांत रोमचें जुनें प्रेक्षागार पाहून महाराजांना ती कल्पना सुचली असें सांगतात. मधला हौद आणि सभोंवार चढत गेलेली बैठक अशी कीं, सर्वांत मागच्या माणसालाही मातींतला डाव दिसावा. तेथें खांद्याची गरज संपली.

दोन्ही आठवणींच्या रसांतही फरक आहे. कुस्ती ज्यानें लहानपणीं पाहिली त्याला एक देह आठवतो. श्रीपती खंचनाळे १९५९ सालीं पहिले हिंदकेसरी झाले, मारुती माने १९६४ सालीं. त्यांना पाहिलेला माणूस त्यांची मान, त्यांचे कान, मातींत उतरतांनाची त्यांची चाल यांचें वर्णन करतो. पैलवान म्हातारा होतो, मग जातो, आणि आठवण सांगणाऱ्याचा स्वर शोकाकडे वळतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक आणलें तेव्हां कऱ्हाडाहून त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली होती. तिच्याविषयीं बोलणारे आतां थोडे राहिले, आणि जे राहिले ते बोलतां बोलतां गप्प होतात. फुटबॉलच्या संघाला मरण नाहीं. अकरा गडी बदलतात, सदऱ्याचा रंग राहतो. म्हणून फुटबॉलची आठवण सांगणारा साठ वर्षांचा मनुष्य पुढच्या रविवारच्या सामन्याकडे बोट दाखवून बोलतो. त्याच्या आठवणींत शोक कमी आणि अभिमान जास्त. आणि अभिमानाच्या हातीं आठवण गेली म्हणजे ती जिंकणारच. पहिल्या सामन्यांत आपला संघ हरला असें सांगणारे लेख इतके थोडे कां, याचें उत्तर मला येथें सांपडतें.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) या ठिकाणीं आठवण होते. औंध संस्थानांतली ती धनगरांची वाडी. तिच्यांत मास्तराच्या खटपटीनें तालीम उभी राहते आणि तिच्यासाठीं राजेसाहेबांना बोलाविलें जातें. माडगूळकरांनीं त्या तालमींतून कोणी हिंदकेसरी निघाल्याचें दाखविलें नाहीं. वाडीनें मिळून एक कांहीं उभें केलें, एवढ्यावरच त्यांची नजर आहे, आणि पुढें दुष्काळ येतो तेव्हां ती वाडीच उठून जाते. आमच्या भागांत संघ, तालीम, पेठ यांच्यापेक्षां पाऊस मोठा आहे. जेथें गांवच टिकण्याची शाश्वती नाहीं तेथें गांवाचा संघ कोठून असणार?

गांव उठून गेलेल्यांपैकींच एका गृहस्थाची गोष्ट मला सांगावयाची आहे. कारण पहिल्या सामन्याच्या आठवणीचा माझ्या ऐकण्यांत आलेला सर्वांत चांगला नमुना तो आहे, आणि तो कोठें छापलेला नाहीं. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यांतलीं माणसें सोनें-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठीं हिंदुस्थानभर पसरलीं आहेत. या गृहस्थांचे वडील असेच कलकत्त्याला गेले. रथाच्या दिवशीं नदीच्या वाळवंटांत बसलों असतां ते बोलूं लागले. त्यांना तेथें जाऊन एकच पावसाळा झाला होता, वय सहा-सात. वडील त्यांना मैदानावर घेऊन गेले. सामना कोणाचा, तर मोहनबागानचा. प्रतिपक्ष कोण, तें आठवत नाहीं. जिंकलें कोण, तेंही आठवत नाहीं. आठवतो तो पाऊस. 'एवढा पाऊस पडतोय आणि माणसें घरीं पळत नाहींत, छत्र्या उघडून उभीं आहेत, हें मला खरेंच वाटेना,' असें ते म्हणाले. आमच्याकडे पाऊस पडला तर कामधाम टाकून ओढ्याला पाणी आलें का तें बघावयास धांवायचें असतें. आणि येथें पाऊस पडत असतां लोक बघत होते चेंडू! दुसरी गोष्ट त्यांनीं सांगितली ती वडिलांची. दुकानांत मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर, शेजाऱ्यासमोर वडील कधीं मोठ्यानें बोलत नसत. परमुलूख, भाषा येत नाहीं, हातांत दुसऱ्याचें सोनें. हळूच बोलावयाची त्यांना संवय झाली होती. त्या दिवशीं ते ओरडले, आणि ओरडले तें मराठींत. 'मार कीं रं, मार!' भोंवतालचे बंगाली हसले, त्यांतल्या एकानें पाठीवर थाप मारली. मुलाला हें कांहीं कळलें नाहीं. वडिलांना राग कां आला एवढेंच त्याला वाटलें, आणि तो रडावयास लागला.

मोहनबागानच कां, असें मीं विचारलें. ते म्हणाले, शेजारचा मिठाईवाला त्या बाजूचा होता. तो ईस्ट बेंगालचा असता तर आम्ही ईस्ट बेंगालचे झालों असतों. त्या शहरांत एका संघाच्या विजयाला चिंगाट्या आणि दुसऱ्याच्या विजयाला हिलसा मासळी शिजते. यांच्या घरीं मात्र गांवाकडून आणलेले सुके बोंबील! पण आज सत्तरीला टेकलेला हा मनुष्य म्हसवडच्या यात्रेला येतो तो सदऱ्याच्या खिशांत त्या संघाचें छोटें निशाण घेऊन. ही आठवण मी वारंवार मनांत घोळवली आहे. तिच्यांत गोल नाहीं, विजय नाहीं, धडा नाहीं. तिला पेठेचा आधार नाहीं. चौकांत बसून ती दुरुस्त करणारें कोणी नव्हतें, म्हणूनच बहुधा ती इतकी कोरी राहिली. आणि तरीही परक्या गांवांत एका माणसाला मोठ्यानें ओरडण्याची जागा सांपडली, हें जें तिच्यांत आहे तें मला पन्नास छापील लेखांत भेटलेलें नाहीं.

आतां या वाङ्मयांतल्या एका मोठ्या उणिवेकडे येतों. यांत मुली नाहींत. बापानें मुलाला नेलें, चुलत्यानें पुतण्याला नेलें. बहीण कोठें होती, हा प्रश्न लेखकानें स्वतःला विचारलेला दिसत नाहीं. फडांत बायकांनीं बसावयाचें नाहीं, हा अलिखित कायदा होता. स्टेडियमवरही त्यांची संख्या फार काळ अशीच नगण्य राहिली. पण ज्या माण तालुक्यांत मी बसलों आहें त्याच तालुक्यांतल्या मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतींत धांवल्या आणि दहाव्या आल्या. म्हसवडांत बायकांनीं १९९७ सालीं स्वतःची बँक काढली, आणि त्याच माणदेशी मंडळींनीं पुढें मुलींना मैदानावर आणलें. सकाळीं मैदानाच्या कडेला या मुलींच्या आया पदर खोचून उभ्या असतात. त्यांपैकीं कितींनीं तरी आयुष्यांतला पहिला सामना पाहिला तो चाळिशींत, आणि खेळणारी होती त्यांचीच मुलगी. त्यांची आठवण लिहिली गेली तर तिच्यांत खांदा नसेल, बाप नसेल. आणि 'बालपणची पहिली आठवण' हें या प्रकाराचें व्यवच्छेदक लक्षणच पुन्हां तपासावें लागेल. तसा लेख अजून माझ्या हातीं आलेला नाहीं. मी वाट पाहत आहें.

दुसऱ्यांच्या आठवणी इतक्या कसोशीनें तपासल्यावर स्वतःची दडवून ठेवणें बरें दिसणार नाहीं. माझीही एक आहे, आणि ती मीं आजवर अनेक मंडळींत सांगितली आहे. साल १९७२, आमच्या भागांतली एक जत्रा. वडिलांच्या खांद्यावर बसून मीं फड पाहिला; रेवड्यांच्या कुस्तींत उतरलों, जिंकलों; आणि दिवस मावळतां मावळतां शेवटची मोठी कुस्ती पाहिली, ती घटकाभर चालली आणि शेवटीं ढाकेवर निकाली झाली. हा लेख लिहावयास घेतला तेव्हां खात्री करून घ्यावी म्हणून मीं थोरल्या बहिणीला विचारलें. ती तेव्हां बारा-तेरा वर्षांची होती. ती हसायलाच लागली. 'आरं, तात्या कुठनं येत्यात? त्या सालाला तात्या दुष्काळी कामावर खडी फोडाया हुतं. तुला नानानं खांद्यावर घेतला हुता, आन् तू झोपला हुतास.' आणि रेवड्या? 'त्या मी घेऊन दिल्या हुत्या पाच पैशाच्या. तू आत गेलाच न्हाईस, भ्यालास.'

वडील त्या दिवशीं तेथें नव्हते. मीं त्यांना तेथें नेऊन उभें केलें, कारण अशा आठवणींत वडील असावे लागतात, हें मला इतरांचें ऐकून ठाऊक झालें होतें. मग मीं अक्काला विचारलें, तूं कोठें होतीस? ती म्हणाली, गाड्यांपाशीं, भाकरीचें गठुळें राखत. तेथून फड दिसत नसे. धुरळा दिसे, आणि हलगी ऐकूं येई. हलगीचा ठेका पालटला कीं कुस्ती झाली हें गाड्यांपाशीं बसलेल्या सगळ्या बायकांना कळे, आणि ठेका न पालटतां नुसता थांबला तर ती सोडविली असें समजायचें. त्या संध्याकाळीं शेवटीं हलगी कशी वाजली, तें तिनें मला चुलीजवळच्या डब्यावर बोटांनीं वाजवून दाखविलें. तो ठेका मधेंच थांबला.

'मला अजून कळलं न्हाई बघ,' ती म्हणाली. 'शेवटची सुटली व्हय रं, का झाली निकाली? तू तर बघितलीयास न्हवं?'